जुन्या गाडीतला सीट बेल्ट

मोटारीचा सीट बेल्ट हा दिसायला एकच भाग असला, तरी प्रत्यक्षात ती पाच-सहा भागांची साखळी असते. विणलेला पट्टा, तो गुंडाळून ठेवणारा रिट्रॅक्टर, खांद्याजवळची कडी, पट्ट्यावर सरकणारी धातूची जीभ, ती जीभ अडकवायचे बकल आणि हे सारे गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे बोल्ट. अपघाताच्या क्षणी यातल्या प्रत्येक भागावर ताण येतो आणि सर्वांत कमजोर भाग जेवढा टिकेल तेवढाच पट्टा टिकतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीत हे भाग ठरलेल्या कसोट्यांना उतरलेले असतात. जुन्या गाडीत मात्र तेच भाग दहा, वीस, कधी तीस वर्षे ऊन, धूळ आणि दमट हवा सोसत आलेले असतात. टायर झिजला की डोळ्यांना दिसतो, ब्रेक कमी लागू लागला की पायाला कळते. सीट बेल्टचे तसे नाही. रोज लावता-काढता येणारा पट्टा शाबूतच असणार असे गृहीत धरले जाते. त्यातला बिघाड बहुतेक वेळा अपघातातच उघड होतो आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो.

पट्ट्यावर येणारा ताण किती असतो, याचा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग चेपल्यामुळे व पट्टा थोडा ताणला गेल्यामुळे आतल्या माणसाला थांबायला अर्धा मीटर अंतर मिळाले, तर तो सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात थांबतो. त्याचे वजन ७० किलो असेल, तर त्याला थांबवायला सरासरी १३,५०० न्यूटन बळ लागते. हा जोर जवळजवळ १४०० किलो वजनाइतका झाला. पट्टा हा जोर खांदा, बरगड्या आणि ओटीपोटाखालची कमरेची हाडे अशा मजबूत जागांवर वाटून देतो. तो सैल असेल, तर शरीर आधी ती सैल लांबी पुढे जाते आणि मगच पट्टा धरतो. मिळालेल्या अर्ध्या मीटरमधले पाच-दहा सेंटिमीटर असे फुकट गेले की उरलेल्या अंतरात थांबताना शरीरावर येणारा जोर वाढतो. म्हणून तुटलेला पट्टाच धोक्याचा असतो असे नाही. ढिला पडलेला पट्टाही तेवढाच विचार करण्यासारखा असतो.

शरीर किती झटका सोसू शकते हे मोजण्याचे काम अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःच्या शरीरावर केले. १० डिसेंबर १९५४ रोजी ते रॉकेटच्या घसरगाडीवर पट्ट्यांनी बांधून घेऊन ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेले. थांबताना त्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४६ पट जोर सोसला आणि ते जिवंत राहिले. शरीर नीट बांधलेले असेल तर समजुतीपेक्षा कितीतरी जास्त सहन करते, हे त्यातून सिद्ध झाले. मोटारींत तोवर फक्त कमरेचा पट्टा मिळत असे. वरचे धड मोकळे राहिल्याने डोके स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर आदळे आणि पट्टा हाडावरून पोटावर सरकला की आतडी व कण्याला इजा होई. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीचे अभियंते नील्स बोलिन यांनी कमर आणि खांदा एकाच पट्ट्यात बांधणारा, एका हाताने लावता येणारा तीन बिंदूंचा बेल्ट दिला. बोलिन त्याआधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. व्होल्वोने या रचनेचे पेटंट इतर उत्पादकांसाठी खुले ठेवले. १९६७ मध्ये बोलिन यांनी स्वीडनमधल्या २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला आणि त्यानंतर या पट्ट्याच्या उपयोगाबद्दल गंभीर वाद उरला नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या हिशेबाने, कमर व खांद्याचा पट्टा लावल्यास मोटारीच्या पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो. पण हा हिशेब नीट काम करणाऱ्या पट्ट्याचा आहे.

जुनी गाडी म्हटली की तिच्यात कोणत्या पिढीचा पट्टा आहे हे आधी पाहावे लागते. सर्वांत जुन्या प्रकारात रिट्रॅक्टरच नसतो. पट्टा ठरावीक लांबीचा असतो आणि तो हाताने ओढून अंगाबरोबर करावा लागतो. हा पट्टा यांत्रिकदृष्ट्या साधा असल्याने त्यात बिघडण्यासारखे थोडेच असते. मात्र घरात चार जण गाडी चालवत असले की प्रत्येक जण तो एकदाच सैल करून ठेवतो आणि तो कायम सैलच राहतो. अमेरिकेत १९८७ च्या मॉडेलपासून काही वर्षे आपोआप लागणाऱ्या पट्ट्यांची पिढी आली, तिची दुखणी वेगळीच होती. काही गाड्यांत दार बंद झाले की खांद्याचा पट्टा छोट्या मोटरने सरकत येऊन अंगावर बसे, पण कमरेचा पट्टा हाताने लावायचा असे. खांद्याचा लागलेला पाहून लोक कमरेचा विसरत आणि अपघातात शरीर खालून निसटण्याची शक्यता राही. काही गाड्यांत तर पट्ट्याची टोकेच दारात बसवलेली होती. धडकेत दार उघडले, तर पट्ट्याचा आधारही त्याच्याबरोबर जाई. एअरबॅग सक्तीच्या झाल्यावर ही पिढी संपली. हौशी लोकांकडे त्या गाड्या अजून आहेत, पण त्यांच्या पट्ट्यांचे सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले आहे.

आता एकेक भाग. पट्टा आज बहुतेक सगळीकडे पॉलिएस्टरचा असतो. सुरुवातीच्या काळात नायलॉन वापरत. साधारण पाच सेंटिमीटर रुंदीच्या या पट्टीत शेकडो उभे धागे घट्ट विणलेले असतात. अमेरिकी मानकानुसार कमरेवरच्या भागाने २२,००० न्यूटनहून अधिक आणि खांद्यावरच्या भागाने सुमारे १७,८०० न्यूटन ताण न तुटता सोसला पाहिजे. हे मानक झिजेचाही विचार करते. घासण्याच्या चाचणीनंतर पट्ट्याची ७५ टक्के ताकद उरली पाहिजे आणि प्रखर प्रकाशाच्या चाचणीनंतर ६० टक्के. ऊन पट्ट्याचे नुकसान करते हे नियम करणाऱ्यांनी मुळातच मान्य केले आहे. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत खिडकीकडचा, खांद्यालगतचा भाग आधी फिकट होतो, हात लावला तर राठ लागतो आणि कडेचे धागे पिंजारल्यासारखे दिसतात. रंग उडाला म्हणून पट्टा लगेच तुटेल असे नाही, पण त्या भागाने बरेच ऊन खाल्ले आहे, ही खूण त्यातून मिळते. कडेला पडलेली चीर मात्र कधीच दुर्लक्षू नये. ताण आल्यावर फाटायला सुरुवात तिथूनच होते. दारात अडकून चेमटलेला पट्टा, सिगारेटने पडलेले भोक, सीटखालच्या धारदार कडेवर घासून झालेली जखम, या सगळ्यांना एकच उपाय असतो आणि तो म्हणजे पूर्ण पट्टा बदलणे. बॅगा शिवणाऱ्याकडून तो शिवून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ती घातक आहे. कारखान्यातली शिवण कोणत्या धाग्याने, कोणत्या नक्षीत, किती टाक्यांची असावी हे चाचणीने ठरवलेले असते. दुकानातल्या शिलाई मशीनचे टाके हाताने ओढून पाहिले तर पक्के वाटतात. दीड टन ताणाशी त्यांचा काही संबंध नसतो.

रिट्रॅक्टर हा साखळीतला सर्वांत गुंतागुंतीचा भाग असतो आणि नेमका तोच डोळ्यांआड, दाराच्या मधल्या खांबात तळाशी बसवलेला असतो. त्यात दोन वेगळी कामे चालतात. घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली स्प्रिंग पट्टा आत ओढून ठेवते, तर कुलूप लावणारी यंत्रणा धडकेत रीळ अडवते. कुलपाला दोन ठिकाणांहून इशारा मिळतो. एक इशारा गाडीच्या हालचालीतून येतो. छोट्या वाटीत पोलादी गोळी ठेवलेली असते. गाडी एकदम मंदावली की गोळी वाटीच्या कडेवर चढते, वरचा चिमुकला दांडा उचलते आणि तो दात्यांत अडकून रीळ थांबवतो. दुसरा इशारा पट्ट्याच्या वेगातून येतो. पट्टा झटक्याने ओढला गेला तरी रीळ अडते. अमेरिकी मानकानुसार, गाडी गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट दराने मंदावली तर पट्टा आणखी २५ मिलिमीटर बाहेर येण्याच्या आत कुलूप लागले पाहिजे.

जुन्या गाडीत या दोन्ही कामांना वय लागते. स्प्रिंग दमते आणि पट्टा पूर्ण आत जात नाही. सीटच्या बाजूला तो लोंबत राहतो, दारात सापडतो, लावला तरी छातीवर ढिला बसतो. पुष्कळदा दोष स्प्रिंगचा नसून खांद्याजवळच्या कडीचा असतो. घाम, तेल आणि धूळ यांचा काळपट चिकट थर कडीच्या आत बसतो आणि पट्टा त्यातून सरकेनासा होतो. हा थर कोमट साबणाच्या पाण्याने निघतो. अनेक गाड्यांचा पट्टा एवढ्याने पुन्हा सुरळीत चालू लागतो. गोळीच्या वाटीत धूळ किंवा गंज बसला असेल, तर मात्र बाहेरून काहीच कळत नाही. लोक पट्ट्याला झटका देऊन पाहतात, तो अडतो आणि सगळे ठीक आहे असे समजतात. त्या झटक्याने तपासला जातो तो दुसरा इशारा. गाडीच्या मंदावण्याला प्रतिसाद देणारी गोळी हलते की नाही, हे त्यातून कळत नाही.

पुरात बुडून गेलेल्या गाड्यांचा प्रश्न इथेच येतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर आणि पुढच्या प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. इंजिन उघडले जाते, सीटचे कापड बदलले जाते, सेंट फवारले जाते. मधल्या खांबाच्या तळाशी असलेल्या रिट्रॅक्टरपर्यंत गाळ गेला का, हे पाहणारा मेकॅनिक क्वचित सापडतो. सेकंड हँड गाडी घेताना पट्टा रिळाच्या शेवटच्या वेढ्यापर्यंत बाहेर ओढावा. आतल्या टोकाला मातीचा पट्टा किंवा पाण्याची रेघ दिसली, तर गाडीचा इतिहास विक्रेत्याने सांगितला त्यापेक्षा वेगळा आहे असे समजावे.

बकलचा भाग सर्वांत साधा वाटतो, पण सीट बेल्टच्या इतिहासातला एक मोठा घोटाळा बकलमधल्या लाल बटणापासून सुरू झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९१ पर्यंत बनलेल्या अनेक जपानी आणि काही अमेरिकी गाड्यांत ताकाता या जपानी कंपनीची बकले होती. १९३३ मध्ये कापड आणि दोऱ्यांच्या धंद्यातून सुरू झालेली ही कंपनी १९६० च्या सुमारास सीट बेल्टमध्ये उतरली आणि जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. तिच्या बकलचे बटण एबीएस नावाच्या प्लास्टिकचे होते. खिडकीतून येणारे ऊन वर्षानुवर्षे पडून हे प्लास्टिक ठिसूळ झाले. बटणाला आधी बारीक तडे गेले, मग त्याचे कपचे निघून बकलच्या पोटात पडू लागले. तिथे जिभेला धरणारी खिटी आणि तिची स्प्रिंग असते. कपचा त्यांच्यामध्ये सापडला की तीन प्रकार होत. जीभ अडकतच नसे, अडकल्यासारखी वाटून सुटून येई, किंवा अडकलेली जीभ बटण दाबूनही सुटत नसे. यातला मधला प्रकार सर्वांत वाईट, कारण माणूस बेल्ट लावल्याच्या समजुतीत गाडी चालवत राहतो.

तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने चौकशी केली आणि मे १९९५ मध्ये ८० लाखांहून अधिक गाड्या परत बोलावण्याचा निर्णय झाला. होंडा, निसान, माझदा, मित्सुबिशी, सुबारू, इसुझू अशा अनेक कंपन्यांच्या गाड्या त्यात होत्या. अमेरिकेतली तोवरची ती सर्वांत मोठ्या परतबोलावण्यांपैकी एक ठरली. इथे पट्टा तुटला नव्हता, पोलादी खिटीही वाकली नव्हती. जेमतेम काही ग्रॅमच्या प्लास्टिकने सगळी यंत्रणा निकामी केली. आणखी महत्त्वाचे म्हणजे हा दोष गाडी नवी असताना कोणत्याच चाचणीत दिसण्यासारखा नव्हता. तो दिसायला उन्हाची काही वर्षे जावी लागली. वयाबरोबर उघड होणाऱ्या दोषाचे याहून स्पष्ट उदाहरण सीट बेल्टच्या इतिहासात मिळणे कठीण आहे. ताकाता पुढे एअरबॅगच्या त्याहून कितीतरी मोठ्या प्रकरणात सापडली आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिथेही उष्णता, दमटपणा आणि वय यांनीच एअरबॅग फुगवणाऱ्या रसायनाचा घात केला होता.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत बकलचे शत्रू अधिक घरगुती असतात. चहा-सरबत सांडून आत चिकटपणा होतो, नाणे किंवा बिस्किटाचा तुकडा फटीत जातो. जीभ घातल्यावर ठणठणीत ‘खट्’ आवाज आला नाही, बटण दाबल्यावर ते परत वर आले नाही किंवा जीभ हाताने ओढल्यावर किंचित जरी डुगडुगली, तरी ते बकल संशयास्पद धरावे. त्यात तेल सोडण्याचा मोह टाळावा. तेलाने दोन दिवस काम सुरळीत होते आणि मग त्याच तेलावर धूळ बसून आत लगदा तयार होतो.

साखळीचे शेवटचे टोक गाडीच्या सांगाड्यात असते. पट्ट्याचे बोल्ट मधल्या खांबाच्या तळाशी, दाराखालच्या पत्र्यात आणि पुढच्या दोन सीटांमधल्या तळाच्या उंचवट्यात बसवलेले असतात. नेमक्या याच जागी पाणी साचते आणि पत्रा सडतो. कोकण किनारपट्टीवर वापरलेल्या, खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांत गालिचा उचलला की बोल्ट ठणठणीत आणि त्याच्याभोवतीचा पत्रा पापडासारखा सुटणारा, असे दृश्य मेकॅनिकांना नवे नाही. अशा ठिकाणी पुट्टी भरून वर रंग मारला की गाडी सुंदर दिसते. पट्टा मात्र पुट्टीला बांधलेला राहतो. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत प्रत्येक पट्टा, प्रत्येक बकल आणि बोल्टच्या आसपास ३० सेंटिमीटरपर्यंतचा पत्रा पाहिला जातो. तिथे गंजाने कमकुवत झालेला भाग आढळला तर गाडी नापास होते. हा ३० सेंटिमीटरचा नियम कुणीही मालक आपल्या गाडीला लावून पाहू शकतो.

कधी दोष पट्ट्यात नसून शेजारच्या भागात असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये टोयोटाने रॅव्ह-फोर मॉडेलच्या जगभरातल्या सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांतल्या काही तेव्हाच दहा वर्षांच्या झाल्या होत्या. जोरदार समोरासमोरच्या धडकेत मागच्या सीटची धातूची चौकट पट्ट्याला लागून तो कापला जाण्याची शक्यता होती. चौकटीच्या कडेवर प्लास्टिकचे आवरण बसवणे, एवढाच उपाय होता. भारतातही २०२२ च्या डिसेंबरमध्ये मारुती सुझुकीने पुढच्या पट्ट्याची खांद्याजवळची उंची बदलणाऱ्या भागातल्या दोषासाठी ९,१२५ गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या अगदी नव्या, महिनाभर आधी बनलेल्या होत्या, त्यामुळे मालकांपर्यंत पोहोचणे सोपे गेले. दोष दहा-पंधरा वर्षांनी सापडला तर गाडीने तीन-चार मालक बदललेले असतात आणि कंपनीचे पत्र पहिल्याच मालकाच्या पत्त्यावर जाते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या गाड्यांच्या पट्ट्याला दोन जोडभाग आले. प्रीटेन्शनर हा भाग धडकेच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत स्फोटक दारूच्या जोरावर पट्टा आवळतो आणि सैलपणा काढून टाकतो. लोड लिमिटर नंतर ठरावीक ताणाला थोडा पट्टा सोडून बरगड्या वाचवतो. दोन्ही भाग एकदाच वापरायचे असतात. एका धडकेत काम झाले की पूर्ण जोड बदलावा लागतो आणि तो महाग असतो. सेकंड हँड बाजारातला सर्वांत गंभीर गैरप्रकार इथेच होतो. उडालेल्या प्रीटेन्शनरच्या जागी तारेत एक स्वस्त रेझिस्टर जोडला की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझतो. गाडीच्या संगणकाला वाटते सगळे जागेवर आहे. किल्ली फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागून मग विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर बल्ब काढलेला आहे किंवा जोडणीत फेरफार झाला आहे असे धरून चालावे. अपघात सोसलेल्या पट्ट्याच्या इतर खुणाही असतात. जिभेच्या प्लास्टिकवर किंवा कडीवर वितळल्यासारखे ओरखडे दिसतात. पट्ट्याचा काही भाग चकचकीत व लाटेसारखा झालेला असतो. काही गाड्यांत पट्ट्याच्या तळाशी मुद्दाम कच्ची शिवलेली घडी ठेवलेली असते, ती उसवली असेल तर पट्ट्याने एकदा मोठा ताण खाल्ला आहे.

भारतात कोणत्या वयाच्या गाडीत काय मिळेल, हे नियमांच्या तारखांवरून ओळखता येते. पुढच्या सीटचे पट्टे १९९३ च्या नियमदुरुस्तीने १९९४ पासून कारखान्यातच बसवणे सक्तीचे झाले. मागच्या सीटचे २००२ पासून आले. पुढच्या दोन सीटसाठी पट्ट्याची आठवण देणारा अलार्म आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आली, तर शेजारच्या सीटची एअरबॅग जुन्या मॉडेलच्या नव्या गाड्यांना २०२१ च्या अखेरीस लागू झाली. याचा अर्थ असा की, रस्त्यावरच्या हजारो गाड्यांत एअरबॅगही नाही आणि अलार्मही नाही. तिथे पट्टा हाच एकमेव आधार आहे. नव्या गाडीत पट्टा थोडा कमी पडला तर एअरबॅग काही अंशी सावरून घेते. जुन्या गाडीत ती सोय नसताना पट्टाही जुनाच असतो.

हा जुना पट्टा शाबूत आहे का हे पाहण्याचा भार सरकारी तपासणी उचलत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिची फिटनेस तपासणी होत नाही. पंधरा वर्षांनी रीपासिंग, मग दर पाच वर्षांनी. गाडी परत बोलावण्याची सक्ती सरकार करू शकेल, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि तिचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहेत. ताकाताच्या बटणासारखा दोष ज्या वयात उघड होतो, त्या वयाच्या बऱ्याच गाड्या या नियमाच्या बाहेर राहतात. हा नियमातला मोठा खड्डा आहे आणि तो बुजवणे गरजेचे आहे. अमेरिकेत दोषाची मोफत दुरुस्ती गाडीच्या पंधराव्या वर्षापर्यंत मिळते. तिथे शिकायला किंवा नोकरीला जाऊन जुनी गाडी घेणाऱ्या मराठी मुलांनी गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. राहून गेलेली दुरुस्ती तिथे लगेच कळते.

मागच्या सीटची स्थिती सर्वांत वाईट आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी आधुनिक होती, पट्टे होते. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला आणि ज्या गाड्यांत सोय नाही त्यांना तोवर पट्टे बसवून घ्यायला सांगितले. त्या निमित्ताने किती जुन्या गाड्यांत मागचे पट्टे मुळातच नाहीत आणि असले तरी बकल सीट कव्हरखाली गाडलेले आहे, हे लोकांच्या लक्षात आले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा देशात मृत्यू झाला. त्यात जवळजवळ निम्मे प्रवासी होते. याच काळात अलार्म बंद करणाऱ्या खोट्या जिभांची विक्री ऑनलाइन जोरात चालली होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच विक्री संकेतस्थळांना त्या काढून टाकायला लावल्या. बकलमध्ये कायम अडकवून ठेवलेली अशी जीभ आतल्या स्प्रिंगलाही कायम दाबून ठेवते आणि पट्टा खरोखर लावायची वेळ आली की आधी ती उपटून काढावी लागते.

मागे पट्टे नसलेल्या गाडीत ते नव्याने बसवता येतात, पण काम जाणत्याकडूनच करून घ्यावे लागते. आधी गालिचा आणि सीट काढून कारखान्याने बोल्टसाठी जागा ठेवली आहे का ते पाहावे. पुष्कळ मॉडेलमध्ये ती असते. नसेल तर नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट कसणे निरुपयोगी ठरते, कारण ताण आला की बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. मागून जाड पोलादी पट्टी लावून जोर पसरवावा लागतो. दुसऱ्या मॉडेलचा रिट्रॅक्टर आणून बसवतानाही तितकीच काळजी हवी. गोळीची वाटी ठरावीक कोनात उभी राहावी अशी बनवलेली असते. अमेरिकी मानकात १५ अंशांपर्यंत कलल्यास पट्टा अडू नये आणि ४५ अंशांना अडलाच पाहिजे, अशी मर्यादा आहे. वेगळ्या कोनाच्या खांबात तोच रिट्रॅक्टर बसवला तर तो एक तर कायम अडून राहतो, नाही तर गरजेच्या वेळी उशिरा अडतो. भंगारातून काढलेला पट्टा तर घेऊच नये. तो ज्या गाडीतून निघाला ती बहुधा अपघातातच मोडलेली असते.

घरच्या घरी करायची तपासणी अर्ध्या तासाची आहे. पट्टा पूर्ण बाहेर ओढून दोन्ही बाजूंनी बोटांतून सरकवत पाहायचा, तो सोडून स्वतःहून पूर्ण आत जातो का ते बघायचे, जीभ अडकवून ओढायची, बटण दाबून सोडवायची. मग गालिचा उचलून बोल्टभोवतीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहायचा. गोळीची परीक्षा मोकळ्या मैदानात, मागेपुढे कुणी नसताना, ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास वेगाला कचकन ब्रेक मारून होते. तेव्हा पट्टा छातीवर अडला पाहिजे. सफाईला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. ब्लीच किंवा रंग पॉलिएस्टरचा धागा कमजोर करतात. धुतलेला पट्टा सावलीत पूर्ण वाळेपर्यंत बाहेरच ताणून ठेवावा, कारण ओला आत गेला तर रिळाला बुरशी आणि गंज धरतो. प्रीटेन्शनर असलेल्या गाडीत रिट्रॅक्टर स्वतः खोलायला जाऊ नये. त्यातली दारू बॅटरीची तार काढल्यावरही काही वेळ उडू शकते, म्हणून ते काम कंपनीच्या कार्यशाळेतच करून घ्यावे. बदलून काढलेला जुना पट्टा मेकॅनिककडे तसाच सोडू नये. तिथल्या तिथे मधून कापून घ्यावा, म्हणजे तो दुसऱ्या गाडीत बसवला जाणार नाही.